पहिलं रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? कोकणच्या खाऱ्या हवेत कमरेला काय लावावं

प्रश्न वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखानदारांचा आहे. वय छत्तीस. हंगामात आठवड्यातून दोनदा रोख रक्कम घेऊन एकट्याने प्रवास होतो, दोन वर्षांपूर्वी रस्त्यात अडवण्याचा प्रकार घडला, आणि आता जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून हँडगनचा परवाना मंजूर झाला आहे. घरी वडिलांची शेतीसंरक्षणाची बारा बोअर बंदूक आहे, पण हँडगन यांनी आजवर हातात धरलेली नाही. डीलर म्हणतो पिस्तूल घ्या, चपटं असतं, शर्टाखाली दिसत नाही. मित्र म्हणतो सगळ्यात हलकं असेल ते घ्या. आणि ओळखीतले एक गृहस्थ त्यांचं जुनं विलायती रिव्हॉल्व्हर विकायला तयार आहेत. यातलं कोणतं घ्यावं?

मी पोलीस शस्त्रागारात अठ्ठावीस वर्षं आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो. निवृत्तीनंतर मालवणजवळ राहतो, नवशिक्यांना नेमबाजीचे पहिले धडे देतो आणि लोकांची शस्त्रं तपासून देतो. उत्तर आधीच सांगतो: कारखान्यातून नवीन आलेलं, मध्यम वजनाचं, सहा गोळ्यांचं पॉइंट बत्तीस (०.३२ इंचाचं) रिव्हॉल्व्हर घ्या. आता कारण सांगतो, कारण कारण समजलं नाही तर तुम्ही दुकानात जाऊन डीलरचंच ऐकाल.

आधी बोअरचं, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं बघू. सिनेमात दिसतं ते नऊ एमएम आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं, सामान्य परवान्यावर ते मिळत नाही. बाळगण्याजोगं आणि गोळ्या सहज मिळणारं म्हणजे व्यवहारात पॉइंट बत्तीसच. पण 'बत्तीस' या एका शब्दात दोन वेगळी काडतुसं येतात, आणि इथे नवशिका हमखास फसतो. रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब असतं, त्याची कोठी (पितळी पुंगळी) सुमारे २३ मिलिमीटर, बुडाला रुंद कड. पिस्तुलाचं आखूड, कोठी सुमारे १७ मिलिमीटर, कड जवळजवळ बुडाच्याच रुंदीची. गोळीची जाडी दोन्हीत सारखीच, त्यामुळे पिस्तुलाचं काडतूस काही रिव्हॉल्व्हरच्या घरात (फिरत्या सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकात) सरकून बसतं आणि माणसाला वाटतं चालतंय. चालत नाही. ते घर त्या काडतुसासाठी घडवलेलं नसतं, त्याचा दाब वेगळा असतो. परवान्यावर 'रिव्हॉल्व्हर' की 'पिस्तूल' काय लिहिलंय ते बघा, दुकानात काडतूस घेताना पेटीवरचं नाव मोठ्याने वाचा, आणि घरी आल्यावर एक काडतूस तळहातावर ठेवून नीट बघा. बुडावर 'केएफ' कोरलेलं असेल तर ते आपल्या पुण्याच्या खडकीच्या कारखान्याचं.

आता पिस्तूल. डीलर खोटं बोलत नाही. पिस्तूल खरंच चपटं असतं, आठ गोळ्यांचं मॅगझिन (मुठीत सरकवायची गोळ्यांची पेटी) असतं, भरायला वेळ लागत नाही. ईशापूरच्या सरकारी कारखान्याचं 'अशनी' अनेकांकडे आहे आणि ते वाईट शस्त्र नाही. अडचण नवशिक्याच्या हाताची आहे. माझ्यापुढे टेबलावर पिस्तूल ठेवून 'रिकामं करा' म्हटलं की दहातले बरेच जण मॅगझिन काढतात आणि 'झालं' म्हणतात. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला, एक गोळी तशीच बसलेली असते. मी सरावाला नकली गोळी वापरतो म्हणून बरं, नाहीतर माझ्या पडवीच्या पत्र्याला आतापर्यंत चाळणीची भोकं पडली असती. घरातले कितीतरी अपघात याच एका गोळीने होतात. रिव्हॉल्व्हर उघडलं की सहाच्या सहा घरं डोळ्यांसमोर येतात, आहे की नाही यात शंकेला जागा राहत नाही.

दुसरं कारण आपल्या हवेचं. समजा काडतूस दमट झालं आणि चाप दाबल्यावर नुसती 'टक' झाली. पिस्तुलात स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून ती गोळी बाहेर टाकावी लागते, पुढची आत घ्यावी लागते, आणि हे सगळं हात थरथरत असताना. रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा दाबला की पुढचं घर समोर येतं. (हे जिवावर बेतल्या वेळेचं झालं. सरावाच्या वेळी 'टक' झाली तर नळी निशाणाकडेच धरून किमान तीस सेकंद थांबायचं. उशिरा पेटणारं काडतूसही असतं.)

तिसरं, लहान पिस्तुलाची स्प्रिंग कडक असते. स्लाइड मागे ओढायला तळहाताला चांगलाच जोर लागतो, आणि घामेजल्या हातातून ती निसटते. मे महिन्यात आपल्याकडे कोणाचे हात कोरडे असतात?

मित्राच्या 'हलकं घ्या'बद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण हा गैरसमज मी सगळ्यात जास्त वेळा पुसला आहे. २०१४ साली कानपूरच्या कारखान्याने 'निर्भीक' नावाचं साधारण अर्ध्या किलोचं रिव्हॉल्व्हर काढलं, किंमत एक लाख बावीस हजारांच्या वर. महिलांसाठी म्हणून त्याचा गाजावाजा झाला. देवगडकडच्या एक आंबा बागायतदार बाई ते घ्यायचं ठरवूनच माझ्याकडे आल्या होत्या. नवरा गेलेला, बाग मोठी, कलमांच्या राखणीला गडी असले तरी हिशेबाची रोकड यांच्याच हाती. मी त्यांच्या हातात आधी एक हलकं रिव्हॉल्व्हर दिलं, रिकामं, दोनदा तपासून. म्हटलं, घोडा अंगठ्याने न ओढता नुसता चाप दाबा. त्यांनी दाबला, नळी चार बोटं उजवीकडे गेली. मग माशीच्या (नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेच्या) मागे नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवलं आणि म्हटलं, नाणं न पाडता दाबा. पाच वेळा पडलं. मग जवळजवळ सातशे ग्रॅमचं जुनं चालतं रिव्हॉल्व्हर दिलं. तिसऱ्या वेळेला नाणं नळीवरच राहिलं. बाई म्हणाल्या, "ह्यां जड आसा, पण हातात गप बसतां."

त्यांनी एका वाक्यात सगळं सांगितलं. चापाला लागणारा जोर शस्त्राच्या वजनाने कमी होत नाही. उलट शस्त्र हलकं असलं की त्याच जोराने ते जास्त हलतं आणि गोळी सुटल्यावर धक्काही जास्त देतं. धक्का बसला की माणूस पुढच्या वेळी बार व्हायच्या आधीच डोळे मिटतो आणि मनगट खाली दाबतो. ही सवय लागली की मोडायला मला महिना लागतो. जो माणूस वर्षानुवर्षं नेम धरत आलाय त्याने हलकं घ्यावं, खुशाल घ्यावं. पहिलं शस्त्र तुम्हाला शिकवणारं हवं. म्हणून दुकानात जाल तेव्हा परवानगी मागून, शस्त्र रिकामं आहे हे स्वतः बघून, नाण्याचा हा प्रयोग करा. दहापैकी सात वेळा नाणं राहिलं पाहिजे. मुठीचंही तिथेच बघा: मूठ धरल्यावर तर्जनीचं पहिलं पेर चापावर सरळ पडतंय की बोट ताणावं लागतंय? करंगळी मुठीवर टेकते की हवेत राहते? आपल्याकडच्या सडपातळ हातांना जाड मूठ त्रासाची होते.

कानपूरचं साधं पॉइंट बत्तीस रिव्हॉल्व्हर जुन्या वेबली घाटणीचं आहे. वरची कडी दाबली की नळी खाली झुकते आणि रिकाम्या कोठ्या एकदम बाहेर येतात. शिकायला सोपं, साफ करायला त्याहून सोपं. २०२३ मध्ये आलेलं 'प्रबल' रिव्हॉल्व्हर बाजूला उघडतं. पन्नास मीटरच्या माऱ्याची जाहिरात वाचून भारावून जाऊ नका. तुम्हाला ज्या प्रसंगाची भीती आहे तो गाडीच्या दारापासून दोन-चार हातांवर घडतो. कमरेला झाकून ठेवायचं तर तीनेक इंचांची नळी पुरे, बसताना ती मांडीत रुतत नाही.

जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरचं मन मला कळतं. निळसर काळी झिलई, अक्रोडाची मूठ, वर इंग्लंडच्या कारखान्याचं नाव. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकांना परदेशी शस्त्रांची आयात बंद झाली, म्हणून अशा वस्तूंचे भाव गगनाला भिडले आहेत. पण भाव नावाचा असतो, आतली झीज कोणी सांगत नाही. तरीही बघायचंच असेल तर असं बघा. रिकामं केल्याची खात्री करून उघडा, नळी खिडकीच्या उजेडाकडे धरा आणि मागच्या बाजूने आत डोकवा. आतल्या पिळाच्या खाचांच्या कडा धारदार दिसल्या पाहिजेत. काळे ठिपके दिसले तर तो गंजाने खाल्लेला पोलाद आहे, घासून जात नाही. मग बंद करून एका हाताने मूठ आणि दुसऱ्या हाताने नळी धरून हलकेच हलवा. कडीपाशी 'कट्कट' लागली तर सांधा सैल झालाय. शेवटी घोडा सावकाश मागे ओढा. तो पूर्ण मागे जाईपर्यंत सिलिंडर आपल्या जागी घट्ट बसायला हवं. बोटाने हलवलं आणि ते घरंगळलं तर घर नळीच्या सरळ रेषेत येणार नाही, आणि गोळीचा चुरा फटीतून बाजूला उडेल. एका सराफांनी असंच एक माझ्याकडे आणलं होतं, साडेपाच लाखांना घेतलेलं. तिन्ही दोष होते. मी त्यांना ते कपाटात ठेवायला सांगितलं, चालवायला नाही.

आणखी एक विचारा, नवं असो वा जुनं: घोड्यावर मार बसला, शस्त्र फरशीवर पडलं, तर बार होऊ नये म्हणून आत अडसर आहे का? स्पष्ट उत्तर मिळालं नाही तर घोड्यासमोरचं घर रिकामं ठेवायचं. सहाऐवजी पाच गोळ्या. आमच्या पिढीने नोकरी अशीच काढली.

आता हवेचं बोलतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पावसाळ्यात भिंतीला हात लावला तर ओल लागते, आणि किनाऱ्यावरच्या वाऱ्यात मीठ असतं. मीठ ओल धरून ठेवतं. त्यात तुम्ही शस्त्र कमरेला लावणार, म्हणजे घाम आला, आणि घामातही मीठच. घाटावरचा माणूस महिन्याला शस्त्र पुसून निभावतो, आपल्याकडे ज्या दिवशी अंगावर होतं त्या दिवशी रात्री पुसायलाच हवं. मऊ जुन्या सुती धोतराचा तुकडा, चार थेंब गन ऑइल, पाच मिनिटं. सिलिंडरच्या पुढचा भाग, चापाच्या मागची खोबण आणि मुठीच्या पट्टीची कड, गंज पहिला इथे धरतो. तेल जास्त झालं तर पुसून काढा. काडतुसांना मात्र तेलाचं बोट लागू देऊ नका, ते बुडाच्या टोपीतून आत झिरपतं आणि काडतूस मरतं.

खोबरेल लावू नका. हे हसण्यावारी नेऊ नका, वडिलांच्या बंदुकीला घरात काय लावतात ते विचारून बघा. खोबरेल पौषातल्या गार पहाटे थिजतं, जुनं झालं की खवट आणि चिकट होतं. ठासणीच्या बंदुकीने ते शंभर वर्षं सहन केलं असेल. रिव्हॉल्व्हरच्या आतल्या नाजूक स्प्रिंगा सहन करत नाहीत. मी एक उघडलं होतं त्यात घोड्याची खाच गुळाच्या पाकासारख्या तपकिरी थराने भरलेली होती.

आणि शस्त्र चामड्याच्या पाकिटात ठेवून कपाटात ठेवू नका. चामडं ओल शोषतं आणि ती पोलादाला चिकटून राहते. श्रावणात ठेवलेलं दसऱ्याला पूजेसाठी काढलं आणि पाकिटाच्या शिवणीचा अख्खा नकाशा नळीवर गंजाने उमटलेला, हे मी स्वतः पाहिलंय. चामड्याच्या पट्ट्यात खोचून ठेवलेली काडतुसंही हिरवी पडतात. बाळगायला जाड प्लास्टिकचं, साचात घडवलेलं होल्स्टर घ्या, त्याच शस्त्रासाठी केलेलं. चाप पूर्ण झाकला जायला हवा आणि रिकामं झाल्यावर त्याचं तोंड मिटता कामा नये. बाजारात रेक्झिनची 'सगळ्यांना चालेल' अशी पाकिटं मिळतात, ती नकोत. त्यांचा काठ आत वळतो आणि शस्त्र परत ठेवताना चापात अडकतो.

होल्स्टरसोबत जाड पट्टा लागतो. आपण कोकणात निम्मा वेळ हाफ पँट नाहीतर लुंगीत असतो. त्या कपड्यांत शस्त्र बाळगता येत नाही, हे मान्य करा. खिशात किल्ल्यांबरोबर, स्कूटरच्या डिकीत, गाडीच्या सीटखाली, पैशाच्या बॅगेत, यातली एकही जागा बाळगण्याची नाही. बॅग हिसकावली की शस्त्रही गेलं. उजव्या कमरेला, आत बनियन, वर सैल सुती शर्ट न खोचता. घरी आठवडाभर रिकामं लावून वावरा: गाडीत बसा, वाकून चप्पल काढा, जेवायला पाटावर बसा. शर्ट वर सरकतोय, हात सारखा तिथे जातोय, हे पहिल्या दोन दिवसांत सगळ्यांचं होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी विसरायला होतं, आणि तेव्हाच ते इतरांनाही दिसेनासं होतं. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी शस्त्र मिरवणं, उगारणं मना आहे. लग्नात-शिमग्यात हौसेने बार काढला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मित्रांना 'बघ' म्हणून काढून दाखवणंही बंद.

तुम्ही वेंगुर्ल्याचे, म्हणजे गोव्याला जाणं-येणं रोजचं. परवान्यावरची क्षेत्राची ओळ आज वाचा. तिथे महाराष्ट्र राज्य लिहिलं असेल तर बांद्याच्या पुढे पत्रादेवीचा नाका ओलांडताना कमरेला शस्त्र असता कामा नये. 'पाच मिनिटांत येतो' म्हणून गेलेल्या भल्या माणसांची धावपळ मी पाहिली आहे. तसंच, आज एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त दोन शस्त्रं राहू शकतात, पूर्वी तीन होती. उद्या वडिलांची बारा बोअर वारसाने तुमच्या नावावर आली की दोन पुरी झाली, म्हणून हे पहिलं घाईने घेऊ नका. आणि रिव्हॉल्व्हर बागेतल्या रानडुकरासाठी नाही. त्याला १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, वनखात्याची परवानगी आहे, आणि पॉइंट बत्तीसची गोळी खाल्लेलं डुक्कर तुमच्याच अंगावर येईल.

निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायला सांगू शकतात. जमा करण्याआधी नीट तेल द्या, आणि पावतीवर शस्त्राचा क्रमांक व स्थिती लिहून घ्या. माझ्या स्वतःच्या बंदुकीला एका ठाण्याच्या दमट खोलीत दोन महिन्यांत गंज चढला होता, आणि माझ्याकडच्या पावतीवर स्थितीचा शब्द नव्हता.

पैशांचं गणित असं मांडा. शस्त्राला मोठी रक्कम जाईल, पण होल्स्टर, पट्टा, लोखंडी तिजोरीची छोटी पेटी आणि सरावाची काडतुसं यांचे पैसे आधी बाजूला काढा. काडतुसं महाग आहेत आणि परवान्यावर त्यांची मर्यादा आहे, म्हणून बहुतेक सराव कोरडा होतो. रोज रात्री काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, शस्त्र दोनदा तपासून, चिऱ्याच्या भिंतीवर एक ठिपका काढून वीस वेळा चाप. नळीवर नाणं. खरा बार फक्त रायफल क्लबच्या रेंजवर, काजूच्या बागेत नाही आणि पुळणीवर तर मुळीच नाही, पाण्यावरून गोळी उसळते. तीन ते सात मीटरवर पहिल्या वर्षी दोनशे गोळ्या झाल्या तरी मी समाधानी असतो. त्याआधी, म्हणजे दुकानात जायच्याही आधी, प्रशिक्षकाबरोबर दोन रविवार काढा. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल दोन्ही चालवून बघा. त्यानंतर पिस्तूलच हाताला बसलं असं तुमचं मत झालं तर मी अडवणार नाही, फक्त ते रिकामं कसं करायचं हे मला शंभर वेळा करून दाखवा.

खुद्द वापराबद्दल इतकंच सांगतो. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं स्वसंरक्षणाची आहेत, ती वकिलाकडून मराठीत समजून घ्या. गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हक्क कायदा देत नाही. बॅग घेऊन पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी झाडणं हे तुमच्या आयुष्याची दहा वर्षं खाऊन टाकेल. ज्या प्रवासात तुम्हाला अडवलं होतं तो एकट्याने, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी होता असं तुम्हीच लिहिलंय. वार बदला, सोबत माणूस घ्या, शक्य तेवढी रक्कम बँकेतून फिरवा. हे शस्त्र येण्याआधी करता येतं, याच आठवड्यात.

शेवटचं तुमच्या घराबद्दल. दोन लहान मुलं आहेत, आणि गणपतीत मुंबईहून पंधरा चाकरमानी येतात असं तुम्ही लिहिलंत. त्या दिवसांत माजघरातली सगळी कपाटं उघडतात, आरतीचं तबक शोधताना, जास्तीच्या चादरी काढताना. पेटी माळ्यावर किंवा कपड्यांच्या घडीखाली नको, भिंतीत चार बोल्टने बसवलेली हवी, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ल्या देवघराच्या खुंटीला नाहीत. आणि वहिनींना रिव्हॉल्व्हर उघडून रिकामं करता आलं पाहिजे, त्यांना नेम धरायचा नसला तरी. पेटी बसवल्यावर त्यांना घेऊन एका रविवारी माझ्याकडे या, हे अर्ध्या तासाचं काम आहे. परवानाही सोबत आणा, क्षेत्राची ओळ मी वाचून देतो.